मिरजेच्या पूर्वेला हायस्पीड रेल्वेच्या भरवशावर पाच गुंठे घ्यावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. तुम्ही पुण्यात नोकरीला, घर सांगलीत. मिरजेच्या पूर्वेला पंढरपूर रस्त्याच्या अंगाने एका एजंटाने तुम्हाला पाच गुंठे दाखवलेत. इथून हायस्पीड रेल्वे जाणार, स्टेशन दोन किलोमीटरवर होणार, आत्ता घेतलं तर घेतलं, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर लाल रेघ मारलेला नकाशा आलाय. त्या भरवशावर तुम्ही इसारही देऊन बसलात. त्याच पट्ट्यात वडिलांची द्राक्षबाग आहे. रेल्वे खरंच आली तर बाग जाईल का आणि मोबदला काय मिळेल, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी बरीच वर्षं नगर रचना खात्यात काढली, आता जमिनींच्या मूल्यांकनाचं काम करतो. माझ्या मते तुमचा पहिला प्रश्न रेल्वेचा नाहीच. या पाच गुंठ्यांवर उद्या घर बांधायला परवानगी मिळेल का, आणि नाही मिळाली तर ते तुमच्याकडून कोण घेईल, हा आहे. पण भाव सगळा रेल्वेच्या नावाने चढवलाय, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आपल्या बाजूने जाणारा जो हायस्पीड मार्ग अभ्यासात आहे तो मुंबई-पुणे-हैदराबाद. लांबी सातशे किलोमीटरच्या वर. त्याच्या आराखड्याची दिशा लोणावळा, पुणे, दौंड-कुरकुंभ, अकलूज, पंढरपूर, सोलापूर आणि पुढे कलबुर्गी अशी आहे. २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जे सात हायस्पीड मार्ग जाहीर झाले त्यात मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद आहेत. पुणे-मिरज-कोल्हापूर त्यात नाही. म्हणजे यातलं आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण पंढरपूर, मिरजेपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. प्लॉट 'पंढरपूर रस्त्याला' आहे एवढ्यावरच ही गोष्ट रचली गेली असावी, असा मला दाट संशय आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग रुळाचं काम चाललेलं दिसतं ते काय? ते पुणे-मिरज दुहेरीकरण. विद्युतीकरण झालं, दुसरा रूळ टप्प्याटप्प्याने जोडला गेला. ही आपल्या भागासाठी मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी करू नका. समोरून येणाऱ्या गाडीसाठी आडगावच्या स्टेशनात ताटकळणं कमी होतं, मालगाड्यांना वाट मिळते. पण ही हायस्पीड नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, तिला ३२६ किलोमीटरला सव्वापाच तासांच्या आसपास लागतात. सरासरी काढली तर ताशी साठच्या थोडी वर. दोष गाडीचा नाही. आदर्की-वाठारच्या बाजूची वळणं आणि चढ जे आहेत ते आहेत. मुंबई-अहमदाबाद मार्ग ताशी ३२० किलोमीटरसाठी बांधतायत, तिथे वळणाची त्रिज्या काही हजार मीटरांत लागते आणि रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. तेव्हा आत्ताच्या रुळावर उद्या तीच गाडी पळेल हे होणं नाही. हायस्पीड आलीच तर ती नव्या जमिनीवर, नव्या मार्गाने येईल.

समजा, दहा-पंधरा वर्षांनी का होईना, तसा मार्ग आपल्याकडे ठरला. तरीही रेघ आणि स्टेशन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एजंट मंडळी नेमकी याचीच गल्लत करतात. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्टेशनं १२. दोन स्टेशनांत सरासरी पंचेचाळीसेक किलोमीटर अंतर. बहुतेक मार्ग खांबांवरून जातो आणि त्याला साधारण १७.५ मीटर रुंदीची पट्टी पुरते. मधल्या गावांच्या डोक्यावरून गाडी जाते, तिथला कुणी चढत नाही की उतरत नाही. तुमच्या प्लॉटशेजारून अशी रेघ गेली तर भाव वाढायचं कारण काय? उलट रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं झालं तर रेल्वेचा ना-हरकत दाखला मागतात, तो एक कागद वाढेल.

स्टेशन आलं तरी गाव त्याच्याकडे धावतंच असं नाही. साताऱ्याचंच बघा. रेल्वे स्टेशन माहुलीच्या बाजूला, शहरापासून पाच-सहा किलोमीटर. इतकी वर्षं झाली, सातारा तिकडे सरकलं का? शहर पसरलं ते महामार्गाच्या आणि एमआयडीसीच्या ओढीने, शाहूपुरी-विलासपूरच्या अंगाने. २०२० मध्ये पालिकेची हद्दवाढ झाली तेव्हा हीच उपनगरं आत आली. पुण्याला जाणारा सातारकर आजही आधी एसटी स्टँड आठवतो. याउलट किर्लोस्करवाडी घ्या. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या उजाड माळावर कारखाना काढला, आणि वसाहत उभी राहिली. स्टेशन त्याआधीही होतंच. माळ बदलला तो कारखान्यामुळे, रेल्वेने त्याला कच्चा माल आणायची आणि नांगर बाहेर पाठवायची सोय दिली. मिरजेचंही तेच. जंक्शन होतं म्हणून कर्नाटकातून पेशंट सहज यायचे, पण ते यायचे मिशन हॉस्पिटलसाठी.

हायस्पीडची स्टेशनं तर मुद्दाम गावाबाहेर पडतात, कारण गावात सरळ रेघेत जमीन मिळत नाही. सुरतचं स्टेशन सुरत शहरात नाही, बाहेर अंत्रोली गावात आहे. म्हणूनच ठाणे, विरार, सुरत आणि साबरमती या चार स्टेशनांच्या परिसरासाठी जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेच्या साहाय्याने वेगळे आराखडे करायला घेतले. रस्ता कुठून न्यायचा, बस कुठे थांबणार, व्यापारी क्षेत्र कुठे, हे सगळं राज्य सरकार आणि महापालिकेने स्वतंत्रपणे ठरवावं लागतं. बारापैकी चार स्टेशनं, तीही बहुतेक मोठ्या शहरांची! कोणी तुम्हाला 'स्टेशनपासून पाचशे मीटरांत चार एफएसआय', म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम, असं सांगत असेल तर तो पुण्याच्या मेट्रोचा नियम उचलून इथे चिकटवतोय. तशी तरतूद त्या-त्या मार्गासाठी शासनाने लागू करावी लागते, शेतातल्या गटाला ती आपोआप लागत नाही.

वेळेचं काय म्हणाल, तर मुंबई-अहमदाबादचं भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झालं आणि सगळी जमीन ताब्यात यायला जानेवारी २०२४ उजाडला. जगातल्या सगळ्यात गाजावाजा झालेल्या प्रकल्पांपैकी एकाची ही गत. पुणे-नाशिकचं उदाहरण मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण ते डोळे उघडणारं आहे. २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग आखला, मोजण्या झाल्या, पुणे जिल्ह्यात काही ठिकाणी थेट खरेदीची खतंही झाली. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून तो मार्ग अडला आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून वळवायचं ठरलं. मधल्या काळात त्या रेघेच्या आजूबाजूला ज्यांनी चढ्या भावाने गुंठे घेतले त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. आपल्याच भागात, लोणंद-फलटण-बारामती मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. फलटणहून पुण्याची गाडी सुटली २०२१ मध्ये, आणि बारामतीकडचं काम त्यानंतरही बाकीच राहिलं.

म्हणून नकाशा दाखवला की मी एवढंच विचारतो: गट नंबर कुठे आहेत? तुम्हाला आलेल्या नकाशात गूगलच्या उपग्रह चित्रावर बोटाने ओढावी तशी लाल रेघ आहे, खाली ना प्रमाण, ना कार्यालयाचं नाव, ना तारीख. खरी अधिसूचना रुक्ष असते. गाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र आणि सक्षम प्राधिकाऱ्याचं पदनाम. ती राजपत्रात येते आणि स्थानिक पेपरातही द्यावी लागते. रेल्वे कायद्याखाली असेल तर कलम २०अ, आणि हरकतीला ३० दिवस. तिथवर काही आलेलं नसताना कोणी 'आतल्या गोटातून' म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता मुद्द्याचं. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट, घराला भरपूर. पण ते तुमच्या नावावर कसे होणार? २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे, जिरायतीचं २०. त्याहून लहान तुकडा शेतजमिनीतून साध्या खरेदीने विकता येत नाही. मग एजंट काय करतो, तर वीस गुंठ्यांचं एकच खत चौघांच्या नावे करतो. सातबाऱ्यावर चौघं सामाईक, प्रत्यक्षात दगड रोवून चार तुकडे. पुढे एक जण बांधायला निघाला की बाकी तिघांच्या सह्या लागतात, एक जण वारला की त्याच्या पाच वारसांच्या. नाहीतर नोटरीवर 'गुंठेवारीत करून देतो' असं आश्वासन. गुंठेवारी म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, सांगलीकराला ते सांगायला नको, आपल्या शहराचे अर्धे रस्ते त्यानेच वाकडे केलेत. २००१ चा कायदा आणि नंतरच्या मुदतवाढी, तुकड्यांना अलीकडे मिळालेली सवलत, हे सगळं आधी झालेल्या व्यवहारांना सावरायला आहे. आज नव्याने तुकडा घ्यायचा तर त्याचा आधार धरू नका.

सातबारा काढला की क्षेत्र आणि नाव बघून लोक मिटून ठेवतात. 'इतर हक्क' या रकान्यात वाचा. तिथे 'तुकडा' असा शेरा आहे का, सोसायटीचा बोजा आहे का, आणि मिरज पूर्व भागात हमखास बघायचं म्हणजे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्राचा किंवा पुनर्वसनासाठी हस्तांतरण बंदीचा शेरा. जाता जाता, त्या पट्ट्यात जमिनीचे भाव खरे वाढले ते म्हैसाळचं पाणी आल्यावर आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यावर. पाणी दिसतं, रस्ता दिसतो, त्याला भाव देण्यात चूक नाही.

मग झोन. सहायक संचालक, नगर रचना यांच्या कार्यालयात गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. महापालिका हद्दीत असेल तर महापालिकेच्या नगर रचना विभागाकडे. फी किरकोळ असते. निवासी विभाग निघाला तर पुढे बोलायला अर्थ आहे. शेती विभाग निघाला तर तो 'लवकरच यलो (म्हणजे निवासी) होणार' या बोलण्याची किंमत शून्य धरा, कारण विकास योजना कायद्याने वीस वर्षांतून एकदा सुधारायची असते आणि प्रत्यक्षात त्याहून लांबते. निवासी असेल तर मंजूर रेखांकन (प्लॉट पाडलेला लेआउट) मागा, आणि पोहोच रस्ता नकाशात आहे की फक्त शेजाऱ्याच्या बांधावरून जातोय ते पायी जाऊन बघा. बारा मीटरचा म्हणून दाखवलेला रस्ता जागेवर बैलगाडीची चाकोरी निघाल्याची प्रकरणं माझ्याकडे येतच असतात.

पुराचं म्हणाल तर तुमचा प्लॉट कृष्णेपासून लांब, २०१९ मध्ये इरविन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाही तिकडे नदीचं पाणी नव्हतं. पण हेच पैसे कोणी कर्नाळ रोडच्या बाजूला लावत असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी बघावी: निळ्याच्या आत बांधकाम नाही, निळ्या-लाल मध्ये असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घ्यावं लागतं. तुमच्याकडे फक्त ओढा बघा. उन्हाळ्यात तो दिसत नाही, म्हणून गाव नकाशावर बघा.

प्लॉट घ्यावा की नाही हे तुम्ही तो कशाला घेताय त्यावर आहे. पाच-सात वर्षांत परत येऊन घर बांधायचं असेल तर मंजूर रेखांकनातला अडीच-तीन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घ्या, विश्रामबाग परवडत नसेल तर कुपवाड-मिरज पट्ट्यात. पैसे अडकवून ठेवायचे असतील आणि वीस वर्षं हात लावायचा नसेल, तर मी वीस गुंठे एकट्याच्या नावे शेतजमीन म्हणूनच घ्या म्हणेन. वडील शेतकरी आहेत, तेव्हा शेतकरी दाखल्याची अडचण तुम्हाला येऊ नये. चौघांच्या सामाईक खतातले पाच गुंठे मात्र दोन्ही हिशेबांत बसत नाहीत.

आता वडिलांची बाग. आज तिथे कुठलंच रेल्वे संपादन नाही. पण पुणे-बंगळूर द्रुतगती मार्ग आणि शक्तिपीठ महामार्ग यांच्या चर्चेने जिल्हाभर शेतकरी धास्तावलेत, तेव्हा रेल्वे नाही तर रस्ता म्हणून कधीतरी मोजणीवाले येऊ शकतात. मोबदल्याचा पाया २०१३ चा कायदा. बाजारमूल्य ठरवताना रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर एकीकडे, आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी दुसरीकडे, यात जे जास्त ते धरतात. ग्रामीण भागात त्याला गुणक लागतो, एक ते दोनच्या दरम्यान, आणि आलेल्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम. चौपट मोबदला म्हणतात तो असा, गुणक दोन धरून. शहरी हद्दीत गुणक १ धरतात, म्हणजे दुप्पट. महामार्गांसाठी राज्याने २०२१ मध्ये गुणक खाली आणला तेव्हा आपल्याकडे का ओरड झाली ते यावरून लक्षात येईल. आणि हद्दवाढीत गाव आलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनीही हा हिशेब एकदा करून बघावा.

इथे आपलीच एक जुनी सवय नडते. स्टँप वाचवायला खतात किंमत कमी दाखवायची, वरचे रोख. सगळ्या गावाने तसं केलं की संपादनाच्या वेळी सरासरीही तेवढीच निघते, मग कलेक्टर कचेरीत कितीही भांडा. शेजारी तशी खतं होत असतील तर तोटा तुमच्या वडिलांचाही आहे.

बागेची किंमत जमिनीहून वेगळी काढतात. झाडांची कृषी खात्याकडून, बांधकामाची सार्वजनिक बांधकाम विभागाकडून, आणि सगळ्याचा आधार संयुक्त मोजणीचा पंचनामा. त्या दिवशी जे कागदावर आलं तेच पुढे चालतं. वेलींची संख्या, वय, मांडवाचे अँगल आणि तार, ठिबक, पाइपलाइन, विहीर, बोअर, शेततळं असेल तर त्याचा कागद, हे सगळं नोंदलं गेलं पाहिजे. मला भेटणाऱ्या निम्म्या लोकांच्या सातबाऱ्यावर बाग असताना पीक 'पड' किंवा ज्वारी लागलेलं असतं, कारण ई-पीक पाहणी कोणी केलेलीच नसते. ती वडिलांच्या मोबाइलवरून या हंगामात करून घ्या. त्याला रेल्वे यायची वाट बघायला नको, गारपिटीच्या नुकसानभरपाईलाही तीच नोंद कामाला येते. आजोबांच्या नावाचा फेरफार अजून व्हायचा असेल तर वारसनोंद आत्ताच उरका. भाऊबंदकीत अडकलेला मोबदला वर्षानुवर्षं कोर्टात पडून राहतो.

राहिला तुम्ही दिलेला इसार. पावतीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही. 'व्यवहार न झाल्यास रक्कम जप्त' एवढंच असेल तर एजंटाला टाळून थेट मूळ मालकाला भेटा, आणि दुरुस्त पावती मागा: झोन दाखला निवासी न निघाल्यास, किंवा स्वतंत्र सातबाऱ्यासह खत करून देता न आल्यास, पूर्ण रक्कम ठरावीक तारखेपर्यंत परत. मालक सही करायला तयार असेल तर दाखला येईपर्यंत थांबा. का-कू करायला लागला तर उरलेले पैसे अजिबात देऊ नका, आणि दिलेल्या पैशांसाठी वकिलाची नोटीस पाठवा. रोख दिले असतील तर आधी त्या रकमेचा उल्लेख असलेला एखादा मेसेज ज्याला दिले त्याच्याकडून उत्तरादाखल येईल असं बघा, नोटिशीला तो जोडता येतो.